ढिगावरचा बर्फ

आमच्या वावरात एक पहाड आहे. हसू नका. विहीर खोदली तेव्हाचा मलबा आहे तो, गोटा अन् मुरूम. सौंसरहून पांढुर्ण्याकडे जाताना आमचं गाव लागते, तिथून संत्र्याच्या बगीच्यात नजर टाकसान तं दिसते. त्याचं टोक पांढरं आहे. नवीन माणूस आला की विचारते, "वो मालतीबाई, वर पांढरं काय आहे वो?" मी सांगते, बर्फ आहे. त्याले वाटते बाई मजाक करून राहिली. मजाक करायची मले सवय नाही. मी जे आहे ते तोंडावर सांगते, अन् म्हणूनच माझं जावांशी जमलं नाही, नणंदांशी जमलं नाही. जमलं एकाच माणसाशी, रश्मीच्या बाबाशी. त्याईचंच सांगून राहिली.

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. एरवी "रश्मीचे बाबा", अन् राग आला तं "बुढा". बाकीचे लोक नाव घेतील तेव्हा तुमाले कळेनच.

तं हा माणूस असा, की अर्धा वावरात अन् अर्धा कुठी ते देवाले माहीत. कलम बांधता बांधता हात थांबायचा, नजर दूर सातपुड्याच्या निळ्या रेघेवर लागायची, अन् तोंडावर असं हसू यायचं जसं कोणी तिकडून हाका मारून राहिलं. बोलायले बसले की ऐकणारे जेवण विसरत. वावरात रोही पाहिला, म्हणजे साधी नीलगाय, तं वाघ सांगत. वाघही साधा नाही, त्यानं यांच्याकडं पाहून मान हलवलेली असायची. लोकं ऐकून घेत अन् मंग हळूच माझ्याकडं वळत, "खरं का वो?" मी सांगायची, "रोही होता." सारे हसत. हेही हसत. मनाले लावून घ्यायचा स्वभावच नव्हता. एकडाव मी विचारलं, "अजी, मी तुमाले चारचौघात खोटं पाडते, तुमाले राग येत नाही?" तं म्हणे, "तू आहेस म्हणून तं मले सांगता येते. मी उडवतो, तू उतरवतेस."

एका साली संत्र्याच्या आंब्या बहाराचा तोडा चालू होता. आम्ही दोघं पेट्या भरून राहिलो होतो. तळाशी तणस, मधात संत्रा, वरतून रद्दी पेपर. रश्मीच्या बाबाचा हात एका पेपरावर थांबला. मी म्हटलं, झालं, आता ही पेटी आज भरत नाही.

"मालते, हे पाह्य. खाली हत्ती चरून राहिले अन् वर बर्फ!"

"सिमला असंन."

"सिमल्यात हत्ती कायले येतील? आफ्रिका आहे हे. किलिमांजारो. आपल्यासारखाच तापता मुलूख, अन् त्याच्या डोक्यावर बर्फ."

आता या माणसानं जन्मात बर्फ पाहिला होता तो गोलेवाल्याच्या गाडीवरचा, नाही तं लग्नातल्या पाण्याच्या टाक्यातला. पेपरात लिहून होतं की तो बर्फ वितळून राहिला, काही वर्षांनी राहणार नाही. ते मात्र त्याईच्या काळजाले लागलं.  संध्याकाळी भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणे, "म्हणजे आपण गेलो नाही तं तो आपल्याले न पाहताच चालला जाईन."

"कोण?"

"बर्फ."

बस. तेवढंच. शिखर-बिखर, फोटो-बिटो काही नको होतं त्याईले. त्या बर्फाले एकडाव हात लावायचा होता. मी म्हटलं, बुढ्याले म्हातारचळ लागला. हातचं सोडून पळत्याच्या मागं जायची ही काय रीत झाली? पण पोरगी बापावर गेली. रश्मी नागपूरले रक्त तपासायच्या लॅबमधी आहे. तिनं ऐकलं अन् बापाले नाही म्हणायचं सोडून चेतन नावाचा एक माणूस शोधून काढला, जो लोकांच्या टोळ्या घेऊन पहाडावर जाते. पैशाचं म्हणसान तं बहार चांगला गेला होता, पोरगी कमावती, अन् माझा जीव जळून राहिला होता. पासपोर्ट रश्मीनं दोघांचेही काढायले लावले. म्हणे, आई, जोडीनं काढून ठेव, कामी पडते. मी म्हटलं, माझा कायले, मले तुळजापूर बस झालं. तरी काढला.

चेतन मोबाईलवर दिसायचा. शहरी पोरगा, दाढीवाला, बोलणं मऊ. "काका," तो म्हणे, "आधी जंगल लागेल, माकडं, शेवाळलेली झाडं. मग झुडपं. मग दगडांचं वाळवंट. आणि शेवटी बर्फ. तिथले वाटाडे सोबत असतील, त्यांचं ऐकायचं आणि अगदी हळू चालायचं. आणि पाणी, काका. उंचीवर पाणी हेच औषध. आत्तापासून भरपूर पाणी प्यायची सवय करा."

हे मान हलवत. डोळे मिटलेले. मले वाटलं, पाण्याचं काही कानात गेलं नाही, माणूस शेवाळलेल्या झाडातच राहून गेला.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या वावराचा आफ्रिका झाला. धुऱ्याकडचे, म्हणजे वावराच्या बांधाकडचे, जुने मोठे झाडं, ते जंगल. त्याच्या पुढं नवीन लागवड, कमरेएवढ्या कलमा, ते झुडपं. मंग विहिरीकडच्या बगीच्याले लागून पडीत, तिथी नुसते गोटे, ते वाळवंट. अन् सरतेशेवटी विहिरीचा ढीग. झाडाच्या बुंध्याले लावायले चुना-मोरचूद कालवतो ना आम्ही, त्यातला चुना त्याईनं मोरचूद टाकायच्या आधी बाजूले काढला, कारण मोरचुदानं निळं होते. तो नेऊन ढिगाच्या टोकावर ओतला. दोन-तीन हात मारले. दुरून पाहिलं. "झाला," म्हणे.

रोज संध्याकाळी धुऱ्यावरून निघायचं, जंगलातून, झुडपातून, वाळवंटातून, अन् ढीग चढायचा. पाठीवर पिशवी, पिशवीत युरियाच्या थैलीत बांधलेला मुरूम. हळूहळू, चेतननं सांगतल्यावाणी. मधात थांबून झाडाशी बोलत. अन् मी? मी खालून आवाज द्यायची, "चहा झाला जीऽऽ!" तं वरून उत्तर, "इतक्या उंचावर आवाज पोचत नाही." मरो, म्हणून मी चहाची केटली अन् पाण्याची बाटली घेऊन वर जायची. ते चढत तितके डाव मीही चढायची, अन् मले कोणी वाटाड्या नव्हता.

पण एक सांगते. माघ-फागुनात बगीचा फुलला की वरून वास येते. डोकं जड होते त्या वासानं. दिवस कलता असते, सातपुडा धुरासारखा दिसते, खाली पांढरा फुलोरा अन् पांढऱ्या चुन्यापाशी आम्ही दोघं. हे सांगत राहत. आता आपण ढगाच्या वर आलो. आता पाह्य, खाली काहीच नाही, नुसता कापूस पसरून आहे. हत्ती मुंगीएवढे झाले. श्वास हळू घे. मी म्हणायची, "काही दिसत नाही, शेजारच्या पंक्याची गाय दिसते." पण तोंडानं म्हणायची. डोळ्यापुढं येत होतं. कपाळाले गार लागत होतं. उतरताना पाय जमिनीवर ठेवला की मलेच नवल वाटायचं, की अरे, ही आपली काळी माती.

माझा भाऊ भगवंतराव सावरगावचा. तो आला की साळ्या-भाटव्यांची जुंपायची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सावरगाव अन् पांढुर्णा नदीच्या दोन काठांवरून एकमेकाले गोटे मारतात, ती गोटमार. "देवीदासजी," तो म्हणे, "इतक्या दूर जाऊन पडण्यापेक्षा यंदा गोटमारीले आमच्या सावरगावकडून उभे राहा. दोन गोटे डोक्यावर घेतले तं जिल्ह्यात नाव होईन."

"तुमचे गोटे खालून वर येतात, भगवंतराव," हे म्हणत. "मले वर जाऊन खाली पाहायचं आहे."

भगवंतराव माझ्याकडं पाहून डोळा मारे. "बाई, हा माणूस खरंच जाऊन राहिला का वो?"

"जाऊन राहिला," मी सांगतलं. तोवर मीही धरून चालली होती की जाणार. पाऊस सरता सरता जायचं ठरलं होतं.

अन् मंग वैशाख आला.

आमच्याकडचे लोकं जाणतात, बाहेरच्यासाठी सांगते. संत्र्याच्या झाडाले बारा महिने पाणी देलं तं ते नुसतं पाल्यात जाते, फुलत नाही. म्हणून बहाराच्या आधी त्याचं पाणी तोडतात. मृग बहार घ्यायचा तं ऐन उन्हाळ्यात. पानं वळतात, गळतात, मालकाचा जीव वरखाली होते, पण हात बांधून बसावं लागते. याले ताण देणं म्हणतात. वेळ आली की ताण तोडायचा, आधी थोडं पाणी, मंग जास्त, अन् मंग ते झाड असं फुलते की पाहत राहावं. पण तोडायची वेळ चुकली तं फूल राहिलं बाजूले, झाडच जाते.

त्या वैशाखात आमच्या विहिरीकडच्या बगीच्याले ताण देलेला होता. अन् या माणसाच्या मनात काय आलं असंन? झाड ताणाबिगर फुलत नाही, तं माणूस कसा फुलंन? चेतन शहरातला, त्याले संत्रा खायचा माहीत, पिकवायचा माहीत नाही. तो म्हणते पाणी पेत जा, म्हणजे नुसतं पाल्यात जायचं. आपण आता ताण घ्यायचा अन् पहाडावर जाऊन तोडायचा. तिथी असा बहार येईन अंगाले की सरसर वर. हे सारं त्याईनं मले मंग सांगतलं, दवाखान्यात. तेव्हा मले एका शब्दानं सांगतलं नाही. सांगतलं असतं तं मी उतरवला असता ना तो वाघ खाली!

मले दिसत होतं की माणूस वाळून राहिला. वाटलं ऊन आहे, चालणं आहे. दुपारी ढिगावर जात. म्हणे, तिथलं वाळवंट असंच तापते. मी मोठी बाटली भरून द्यायची, ती रोज रिकामी घरी यायची. मी म्हणायची, चला, पाणी तरी पेऊन राहिले.

एके दुपारी मी ताणावरचे झाडं पाहत निघाली. सारे वळलेल्या पानाचे, मान टाकलेले, जसे पाहिजे तसे. अन् ढिगाच्या पायथ्याशी एक झाड, एकटं, कोवळ्या पोपटी पालवीनं भरलेलं! पालवीत पांढऱ्या कळ्याही. माझा राग मस्तकात गेला. म्हटलं, कोण्या मेल्यानं याचा ताण तोडला? पाइप पाहिला, बंद. नळीले भोक नाही. बुंध्यापाशी बसून माती उकरली तं ओली. रोजची ओल होती ती. अन् ती सगळ्या आळ्यात नाही, एकाच जागी, जिथी उभ्या माणसानं बाटली उपडी केली तं धार पडते तिथी.

मी वर पाहिलं. "अजीऽऽ!" आवाज देला. उत्तर नाही. "इतक्या उंचावर आवाज पोचत नाही," हेही नाही.

कशी चढली ते मले आठवत नाही. हे टोकावर पालथे पडून होते. ओठ पांढरे, जीभ जड. एक हात चुन्यावर टेकलेला. गेल्या आठवड्यातच त्याईनं नवीन चुना ओतला होता, अन् त्या उन्हात त्याच्यावर भाकर भाजली असती. मी हात ओढून काढला, तळवा लालभडक झालेला. डोळे अर्धे उघडे, अन् तोंडावर तेच हसू.

"मालते," म्हणे, "आला. लय गार आहे वो."

मी त्या दिवशी जे बोलली ते सांगण्याजोगं नाही. रडत होती अन् शिव्या देत होती. पदरानं सावली धरली, आवाज देऊन देऊन शेजारचे गडी गोळा केले, त्या गड्याईनं यांना खाली आणलं. मीठ-साखरेचं पाणी केलं अन् चमच्या-चमच्यानं तोंडात सोडलं. एकदम नाही. ताण तोडताना एकदम पाणी सोडत नाहीत, एवढं मले येते. भगवंतरावानं गाडी आणली. सौंसरच्या दवाखान्यात एक सलाईन, अन् तिथून नागपूर.

जीव वाचला. किडनीले मार बसला होता. डॉक्टर तरणा होता पण समजदार. त्यानं माझ्याकडं पाहून सांगतलं, औषधं चालू राहतील, शेतात हळूहळू जाऊ द्या, पण उंच पहाड यांना आता जन्मात नाही. रश्मी भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. हे छताकडं पाहत होते. म्हणे, "बरं."

बस, "बरं". त्या "बरं"नं माझं काळीज फाटलं. भांडायचं होतं ना! म्हणायचं होतं ना की डॉक्टरले काय कळते! घरी आले, पाऊस आला, बगीच्याचा ताण तुटला, झाडं फुलून गेले, अन् हा माणूस ओसरीच्या खाटेवर बसून नुसता पाहत राहिला. वाघ नाही, हत्ती नाही. भगवंतराव येऊन गोटमारीची मजाक करून गेला तं नुसतं हसले. घर असं झालं जसं कोणी रेडिओ काढून नेला अन् खिळा ठेवला. मी एवढे वर्ष या माणसाले खाली उतरवत होती. आता तो खालीच बसला होता, अन् मले करमत नव्हतं. मी देवासमोर उभी राहून म्हटलं, वाघ सांगू दे याले. एक शब्द बोलणार नाही.

पोळ्याच्या आधी एका सकाळी मी जास्वंदाले पाणी टाकून राहिली होती. मागून आवाज आला.

"मालते, तू जाय."

"कुठी?"

"त्याच्याकडं."

मले कळलं तरी मी म्हटलं, "कोणाकडं?"

"चेतनशी बोललो मी. माझ्या जागी तू चालते म्हणे. पासपोर्ट तं आहेच."

मी लोटा आपटला. "येड लागलं का तुमाले? मी? या वयात? मले काय करायचा तो बर्फ?"

"तुले नाही करायचा. मले करायचा." किती दिवसांनी माणूस सरळ बसला होता. "ऐक. मी गेलो असतो अन् येऊन सांगतलं असतं, तं लोकाईनं तुले विचारलं असतं, खरं का वो? तू काय सांगतलं असतं? तू तं तिथी नसती. मलेही कळलं नसतं की मी काय पाहिलं अन् काय उडवलं. तू पाहून आली तं जे आहे तेच सांगशीन. कमी नाही, जास्त नाही. ढिगावर बसून सांग. फोनवर नको. फोटोही मंग पाहू."

मी म्हटलं, नाही. संध्याकाळी पुन्हा म्हटलं, नाही. तीन-चार दिवस नाही-नाहीच म्हणत होती अन् पाय आपले आपण ढिगाकडं चालले होते.

डॉक्टरनं मले तपासलं. चेतननं विचारलं, "काकू, चढायची सवय आहे का?" मी म्हटलं, केटली घेऊन सांडू न देता चढते, तुझी पिशवी काय चीज आहे. रश्मीनं पिवळ्या तापाची सुई टोचून आणली, गरम कपडे भाड्यानं आणले, बूट घेतले. बूट घालून मी घरात हिंडायची तं कोंबड्या पळायच्या. निघताना यांनी मले संत्र्याच्या गोळ्या देल्या अन् एकच सांगतलं, "पाणी पेत जाजो." मी म्हटलं, "आता शहाणपण सुचलं!" अन् मंग ओसरीच्या खांबामागं जाऊन रडून घेतलं. या माणसाचं सपन मी नेऊन राहिली अन् हा इथी राहून राहिला, हे मले सहन होत नव्हतं.

पहाडाचं काय सांगू? जंगल लागलं, तं मले आमचा धुरा आठवला. झाडाले शेवाळ दाढीवाणी लोंबत होतं, माकडं होते, सारं बराबर. झुडपं लागले, तेही बराबर. गोट्याचं वाळवंट लागलं. मले कोणालेच वाट विचारावी लागली नाही, असं वाटे की मी इथून रोज केटली घेऊन गेली आहे. आमचा वाटाड्या जोसेफ म्हणून, काळाभोर, दात पांढरे, माझ्यापुढं गाईवाणी हळू चालायचा. दर थोड्या वेळानं मागं वळून बाटलीकडं बोट दाखवायचा. मी प्यायची. माझ्या वाटचं प्यायची अन् मंग एक घोट रश्मीच्या बाबाच्या वाटचा.

शेवटची चढण अंधारात सुरू होते. तिथी हवा अशी पातळ की डोकं तरंगते. मी वांती केली. मंग मले समजेना की मी कुठी आहे. दोन्हीकडं संत्र्याचे झाडं उभे आहेत असं वाटे. फुलाचा वास येई. वरतून कोणी खोकते आहे, तेच, त्याईचंच खोकणं. मी म्हटलं, "आली, आली, चहा आणते." जोसेफनं माझा दंड धरला. पाय चालत होते अन् मी कुठी तरी मागं, झोपेत, आमच्याच वावरात होती.

तांबडं फुटलं अन् आम्ही पहाडाच्या माथ्याच्या काठावर पोचलो. खाली ढग. नुसता कापूस पसरून. सांगतला होता तसाच. दूर एक बर्फाची भिंत उभी होती, अन् वाटेच्या कडेले गोट्याच्या आडोशाले थोडा बर्फ पडून होता. जोसेफ पुढं बोट दाखवून म्हणे, अजून चालायचं, तिथी टोक आहे, तिथी पाटी आहे, तिथी फोटो काढतात. बाकीचे निघाले. मी खाली बसली. चेतन म्हणे, "काकू, थोडंच राहिलं, इथपर्यंत येऊन असं काय?" मी म्हटलं, "पाटी पाहायले नाही आली मी." शिखर गेलं खड्ड्यात. मी हातमोजा काढला अन् त्या बर्फात हात घातला.

घरचं-गावचं कोणी नव्हतं. सासू नव्हती, जाऊ नव्हती. मी छातीत होती तेवढी हवा घेतली अन् नाव घेतलं. उखाणा नाही, काही नाही. "देवीदास!" जोसेफ दचकला. मी पुन्हा घेतलं. मले लय रडू आलं.

घरी आली तं हे धुऱ्यावर उभे. डोळ्यात विचारणं होतं, पण तोंडानं "जेवलीस का?" ऊन उतरल्यावर आम्ही हळूहळू निघालो. जंगल, झुडपं, वाळवंट. ढिगावर चढताना यांनी दोनदा दम घेतला, मी हात धरला. त्या एकट्या झाडाची फळं बाकीच्याहून मोठी झाली होती. वर बसलो. पावसानं धुतलेला चुना यांनी माझ्यामागं नवीन मारून ठेवला होता.

"सांग," म्हणे, अन् डोळे मिटले.

मी सारं सांगतलं. माकडं, शेवाळ, वांती, ढग. मंग थांबली.

"अन् बर्फ?"

सांगायचं जीवावर आलं होतं. पण खोटं मले येत नाही. "थोडा आहे," मी म्हटलं. "लय नाही. मळका आहे, धूळ बसलेली. आपला हा चुना त्याच्याहून पांढरा आहे."

 मले वाटलं, मेली माझी जीभ, एवढ्या दुरून आणून काय टाकलं याच्या पदरात! मंग हळूच म्हणे, "हात लावला?"

"लावला. बधिर होयेपरेंत ठेवला."

"कसा लागते?"

"आधी गार लागते. मंग चटका बसते. भाजल्यावाणी."

त्याईनं डोळे उघडले. उजवा तळवा समोर धरला. वैशाखातला डाग अजून होता तिथी, गुळगुळीत, पांढुरका. 

"चटका बसते?"

"हो."

"मंग मी हात लावला होता, मालते. त्या दिवशी. मी पोचलो होतो."

आता बोला! साऱ्या जन्मात मी या माणसाचा एक वाघ जिवंत सोडला नाही. त्याईनं माझ्याकडं पाहिलं. जसे लोकं माझ्याकडं पाहतात ना, खरं का वो, तसंच. मी तो हात माझ्या हातात घेतला. माझा हात गारठ्यानं सालटं निघालेला, त्याईचा भाजलेला.

"हो," मी म्हटलं. "पोचले होते."

दिवाळीत भगवंतराव आला तेव्हा ओसरी भरून होती. आमचा रेडिओ पुन्हा सुरू झाला होता. "भगवंतराव," हे सांगून राहिले होते, "बर्फ आधी गार लागते अन् मंग चटका बसते. मी स्वतः हात लावला आहे." सारे हसू दाबून माझ्याकडं वळले.

"बाई, खरं का वो?"

"खरं आहे," मी म्हटलं, अन् यांच्या हातात पाण्याचा गिलास देला. "आधी पाणी प्या. मंग पुढचं सांगा."